रामकुंडापासून द्राक्षमळ्यापर्यंत

गेल्या माघातील गोष्ट. शनिवारचा दिवस होता. पहाटे साडेपाचला आम्ही इंदिरानगरातील आमच्या घरून निघालो, तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता आणि आमच्या वहिनी शेगडीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "चहा ठेवला आहे, भाऊजी," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही कोठे जात आहोत हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे आम्हासही ठाऊक होते.

प्रकार असा. वहिनींचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, संगणकाची चांगली नोकरी सोडून नाशकास परत आला आणि येथे त्याने वाटाड्याचा उद्योग पत्करला. परगावची माणसे गोळा करावयाची, सकाळी त्यांना जुन्या नाशकातून पायी हिंडवून शहराची माहिती सांगावयाची, आणि दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूस असलेल्या एखाद्या द्राक्षमळ्यात नेऊन तेथील वाइनची चव कशी घ्यावी हे शिकवावयाचे. स्कॉटलंडात एडिंबरोसारख्या शहरी अशा पदयात्रा फार दिवसांपासून चालतात. तेथे शेवटी व्हिस्की असते. नाशकास तिची जागा द्राक्षरसाने घेतली आहे. पहिल्या अर्ध्या भागाबद्दल घरात कोणाची तक्रार नव्हती. दुसऱ्या भागाने मात्र दोन महिने आमच्या घरात अबोला माजविला होता.

त्याचे कारण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमचे थोरले बंधू मद्यापायी गेले. हे वाक्य आमच्या लेखणीतून कधी उतरेल असे आम्हास वाटले नव्हते. आमच्यासारख्या घरांत अशा मृत्यूला 'कावीळ' म्हणतात. अठरा वर्षे आम्हीही तसेच म्हणत आलो. मुलगा त्या वेळी बारा वर्षांचा होता. तेव्हा तोच मुलगा लोकांच्या हाती पेले देतो हे कळल्यावर वहिनी काय बोलल्या ते आम्ही त्यांच्याच शब्दांत देतो: "बापाला तिने नेले, आणि लेक तिची आरती ओवाळतो." त्यानंतर त्या त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढीत, पण नजर देत नसत. अखेर आमच्या मंडळींनी आम्हास सुनावले, की घरातल्या वडील माणसाने न पाहता न्याय करू नये. म्हणून हा प्रवास.

रामकुंडावर सकाळी साडेसहाला आठ-नऊ माणसे जमली. पुण्याचे एक दांपत्य, बंगळूरचे तीन तरुण, मुंबईच्या दोन भगिनी आणि स्कॉटलंडचे एक वृद्ध जोडपे. आम्ही कोण हे पुतण्याने कोणास सांगितले नाही. "हे आमचे मास्तर" एवढीच ओळख त्याने करून दिली, आणि ती खोटीही नव्हती. थंडी चांगलीच होती. कुंडाच्या पायऱ्यांवर स्नाने चालली होती, पाण्यावर वाफ तरंगत होती. येथे लोक आपल्या माणसांच्या अस्थी विसर्जन करतात, असे तो शांतपणे सांगत होता. ज्या पायरीकडे त्याने बोट केले त्याच पायरीवर अठरा वर्षांपूर्वी आम्ही त्याचा हात धरून उभे होतो. त्याचा आवाज जराही बदलला नाही. आम्ही मात्र दुतोंड्या मारुतीकडे पाहू लागलो. हा मारुती म्हणजे नाशिककरांचे पूरमापक यंत्र होय. गोदावरीला पूर आला, की पाणी त्याच्या गुडघ्याला, छातीला की गळ्याला लागले यावरून गावाने पुराची खूण ठरवावी अशी येथील वहिवाट आहे.

तेथून नारोशंकराचे देऊळ. नारोशंकर राजेबहादूर यांनी ते १७४७ साली बांधले, हे त्याने बरोबर सांगितले. पण घंटेची गोष्ट तो विसरून पुढे निघाला. आम्ही चाळीस वर्षे शिकविलेले. गप्प राहणे हा आमचा धर्म नव्हे. ही घंटा पोर्तुगीज बनावटीची असून वसईच्या विजयानंतर इकडे आली अशी ख्याती आहे, ते आम्ही मागून सांगितले. स्कॉटलंडच्या गृहस्थांनी टोपी काढून आमचे आभार मानले आणि पुतण्याने हसून आपल्या टिपणात लिहून घेतले. यामुळे आमचा हुरूप वाढला व पुढील दोन ठिकाणी आम्ही अनावश्यक बोललो, हे कबूल केले पाहिजे.

काळारामाच्या पूर्व दरवाजाशी मात्र आमचे तोंड बंद झाले. सरदार ओढेकरांनी पेशवाईत उभारलेले हे काळ्या पाषाणाचे मंदिर. त्याच्या शिल्पाची, कळसाची, चैत्रातील रथोत्सवाची माहिती सांगून झाल्यावर पुतण्या म्हणाला, "आता येथे दोन मिनिटे उभे राहू." आणि मग त्याने सांगितले, की २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष या देवळात प्रवेश मिळावा म्हणून येथे आले. दादासाहेब गायकवाड प्रभृती कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते. दरवाजे बंद करण्यात आले. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. कोणाचा पक्ष घेतल्याचा आव नाही, आवाज चढविणे नाही. आम्ही दरवर्षी आमच्या वर्गाची सहल पंचवटीत आणीत असू. ओढेकरांचे नाव सांगत होतो, सीतागुंफा दाखवीत होतो, आणि या दरवाजावरून मुलांना रांगेत झपाझप पुढे नेत होतो. दोन मिनिटे आम्ही कधी उभे राहिलो नाही. मुले विचारतील आणि उत्तर द्यावे लागेल, हेच त्याचे कारण असावे. ज्या घरात मृत्यूचे नावही बदलून घेतात, त्या घरातल्या मास्तराकडून दुसरे काय व्हावयाचे?

पूल ओलांडून अलीकडे आलो. सरकारवाडा, दहीपूल, भांडी बाजारातील तांब्यापितळेची दुकाने नुकतीच उघडत होती. तिवंध्याजवळ आमचा जुना वाडा होता. आता तेथे चार मजल्यांची इमारत आहे आणि खाली भ्रमणध्वनी दुरुस्त करणारा बसतो. १९०९ साली २१ डिसेंबरच्या रात्री विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ती कथा पुतण्याने चालता चालता सांगितली. हा जॅक्सन संस्कृतज्ञ होता ही भर आम्ही घातली. साडेदहास मिसळ खाऊन मंडळी गाडीत बसली.

गंगापूर रस्त्याने गोवर्धन गावाकडे जाताना पूर्वी दोन्ही बाजूंस शेतेच शेते असत. आता घरे संपतात तोच द्राक्षवेलींचे मांडव लागतात. नाशिक जिल्ह्यात खाण्याच्या द्राक्षांची लागवड ओझरला १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी सुरू केली असे मानतात. मद्याकरिता वेगळ्या जातीचे वेल मात्र अगदी अलीकडचे. राजीव सामंत नावाचे गृहस्थ अमेरिकेतील नोकरी सोडून आले, त्यांनी येथेच गोवर्धन परिसरातील वडिलोपार्जित जमिनीत १९९७ च्या सुमारास परदेशी वेल लाविले आणि २००० साली पहिली बाटली बाजारात आणिली. आई सुलभाबाईंच्या नावावरून त्यांनी कंपनीस 'सुला' हे नाव दिले. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षमद्याच्या धंद्याला उत्तेजन देणारे धोरण आखले, आणि मग पाहता पाहता दिंडोरी, निफाड, विंचूर या बाजूंस अनेक कारखाने निघाले. आम्ही गेलो तो कारखाना कोणता याचे नाव सांगत नाही. आमचा हेतू जाहिरातीचा नव्हे.

हंगाम ऐन भरात होता. येथे एक गोष्ट आम्हास नवीन कळली, आणि ती बागाइतदार वाचकांस ठाऊक असली तरी इतरांकरिता लिहितो. युरोपात हिवाळ्यात बर्फ पडते, वेल झोपी जातो, वसंतात जागा होतो आणि शरदात द्राक्षे पिकतात. आपल्याकडे वेलाला झोपच नाही. म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते: उन्हाळ्यात खरड छाटणी, तिने काडी तयार होते; आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, तिने फळ धरते. द्राक्षे मग पौष-माघात, दिवस उबदार आणि रात्री थंड असताना पिकतात. ही दिवसरात्रीची तफावतच फळात साखर भरते आणि आंबटपणाही राखते. मळ्यात बायका कात्रीने घोस कापून प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरीत होत्या. पुतण्याने आम्हास चार मणी दिले. खाण्याच्या द्राक्षांहून ते लहान, सालीने जाड, बियांचे आणि अतिशय गोड. हे मणी चाखण्यास शास्त्राची हरकत नसावी असे म्हणून आम्ही चारही खाल्ले.

आत उंच पोलादी टाक्या होत्या. रसात किण्व पडले, की त्यातील साखरेचे मद्य होते. किण्व हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे आणि आजच्या शालेय पुस्तकातील किण्वन त्याच कुळातले. पांढऱ्या वाइनचा रस साली काढून थंड ठेवतात. तांबडीचा रस सालींसह आंबवितात, कारण रंग सालीत असतो, गरात नाही. यात मद्यार्क शेकडा अकरा ते चौदा. व्हिस्की हा निराळा प्रकार. तिच्यासाठी धान्य आंबवून मग ते ऊर्ध्वपातनाने काढतात. स्कॉटलंडचे गृहस्थ म्हणाले, की त्यांच्या देशात तीन वर्षे ओकच्या पिंपात ठेवल्याशिवाय आणि मद्यार्क शेकडा चाळीस असल्याशिवाय तिला कायद्याने स्कॉच म्हणता येत नाही. बंगळूरच्या तरुणांपैकी एकाने अभिमानाने सांगितले, की त्यांच्या गावच्या अमृत नावाच्या कारखान्याने २००४ साली आपली व्हिस्की थेट ग्लासगोत नेऊन विकली. वृद्ध गृहस्थांनी ती प्यालेली होती, ते म्हणाले, "आम्ही चकित झालो."

यानंतर आम्ही पिंपांच्या खोलीत गेलो. खोली अंधारी, गार, ओकच्या लाकडाची पिंपे एकावर एक रचलेली. दार उघडताच जो वास आला तो ओल्या लाकडाचा होता, आंबलेल्या फळाचा होता, आणि त्यांच्या खाली आणखी एक होता. तो आमच्या ओळखीचा होता. आमच्या बंधूंच्या खुंटीवरच्या सदऱ्याला तो येत असे. वहिनी तो सदरा घरातील इतरांच्या आधी उठून धूत असत, म्हणजे कोणास कळू नये. आणि आम्हा सर्वांस कळत असे. आम्ही खोलीबाहेर आलो व एका दगडी कट्ट्यावर बसलो. थोड्या वेळाने पुतण्या पाण्याचा पेला घेऊन आला. त्याने काही विचारले नाही. "मला पण पहिल्या दिवशी असेच झाले होते, काका," एवढेच म्हणाला, आणि पाहुण्यांकडे परत गेला.

आस्वादाची जागा माडीवर होती, समोर गंगापूर धरणाचे पाणी दिसत होते. आरंभीच त्याने प्रत्येकास वय विचारले. वाइनकरिता एकवीस वर्षे पुरी लागतात, व्हिस्कीसारख्या कडक मद्याकरिता पंचवीस. १९४९ चा दारूबंदी कायदा व त्याखालील परवाने आपल्या राज्यात अद्याप आहेत. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता हे वाचकांस स्मरत असेलच. आम्हीही त्या वेळी एका निषेधपत्रावर सही केली होती. आज पुन्हा कोणी पत्र आणले तर पुन्हा करू.

प्रत्येकापुढे पाच पेले, प्रत्येकात तळाशी दोन घोट. आणि मध्यभागी एक पिकदाणी! आमच्या आजोबांच्या बैठकीत होती तशीच, फक्त पोलादी. पेला पांढऱ्या कागदावर कलता धरून रंग पाहावयाचा, गरगर फिरवून वास घ्यावयाचा, घोट तोंडात घोळवावयाचा आणि पिकदाणीत टाकावयाचा. आम्हास हे सर्वस्वी नवीन होते. मद्य गिळण्याकरिता असते एवढेच आम्ही पाहिले होते.

"काका, तुम्ही नुसता वास घ्या," पुतण्या म्हणाला. मनूने मद्याचा वास घेणेही ब्राह्मणास जातिभ्रंशकर म्हणून सांगितले आहे, हे आम्हास पाठ आहे. परंतु अमरकोशात मदिरेचे एक नाव गंधोत्तमा असे दिलेले आहे, तेही पाठ आहे. आणि ते नाव का पडले हे पन्नास वर्षांत कळले नव्हते. आम्ही वास घेतला. पांढऱ्या वाइनला पिकत आलेल्या पेरूचा आणि मागून हिरव्या मिरचीचा वास होता, तर शिराझ जातीच्या तांबडीला जांभळाचा आणि काळ्या मिरीचा. याहून अधिक आम्ही केले नाही व करणारही नाही.

बोलता बोलता पुतण्या पाहुण्यांस म्हणाला, की या भागाला द्राक्षमद्याचा इतिहास असा पंचवीस-तीस वर्षांचाच. येथे आम्हास राहवले नाही. आम्ही उभे राहिलो. आमच्या इंदिरानगरातील घराच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने धर्मशाळा बांधल्याचे त्यांत लिहिले आहे. गोवर्धनातील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण व्याजाने ठेवल्याचेही लिहिले आहे. हे गोवर्धन म्हणजे, जेथे आपण पेले घेऊन बसलो आहोत तेच. आणि भरुकच्छ म्हणजे भडोच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक आहे. भडोचच्या बंदरात कोणता माल उतरतो याच्या यादीत तो मद्य सांगतो, त्यातही इटलीचे विशेष. आणि तेथील राजाकरिता आणावयाच्या नजराण्यांतही उत्तम मद्य सांगतो. त्या राजाचे जे नाव तो देतो ते नहपानाचेच, असे अनेक विद्वान मानतात. तेव्हा सासऱ्याच्या बंदरात इटलीची वाइन उतरत होती आणि जावयाची धर्मशाळा या गावात होती. याहून जास्त आम्ही म्हणत नाही. शिवाय द्राक्षांच्या मद्याला ते ज्या देशात होते त्या देशाचे नाव द्यावे, जसे कापिशायन, हे कौटिल्याने सांगून ठेवले आहे. आणि आज 'नाशिक व्हॅली वाइन' म्हणून भौगोलिक मानांकन घेतले, त्याचे मूळ सूत्र हेच.

व्याख्यान वीस मिनिटे चालले असावे. बंगळूरच्या तरुणांनी तेवढ्यात आपले सारे पेले रिकामे केले, आणि पिकदाणीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. एकाने आणखी मागितले. पुतण्याने पेल्याऐवजी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि गाडी कोण चालविणार ते विचारून घेतले. हे सर्व सभ्यपणे झाले. परंतु शेजारच्या मेजावर दुसऱ्या कोणाची टोळी होती, तेथे असे विचारणारा कोणी नव्हता, आणि दोन वाजेपर्यंत तेथील हसण्याचा आवाज आम्ही ओळखू लागलो होतो. जातेवेळी दारापाशी बाटल्या विकावयास मांडलेल्या होत्या. आस्वाद म्हणा, रसिकता म्हणा, वाट त्या मांडणीवरूनच बाहेर पडते. आम्ही हे पुतण्यास स्पष्ट सांगितले, आणि त्याने ते नाकारले नाही.

पुतण्या स्वतः प्रत्येक पेल्यातील घोट तोंडात घेत होता आणि टाकीत होता. आम्ही मोजले. पाचांपैकी पाच.

परतताना गाडीत आम्ही त्यास विचारले, "घरच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली आहे. तुझी आई जेवणानंतर दोन चमचे घेते. त्यातही पाच ते दहा टक्के मद्यार्क असतो, बाटलीवर छापलेले असते. दोन महिने तू हे तिला ऐकविले कसे नाहीस?" तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "तिला ते औषध लागू पडते, काका." इंदिरानगरच्या बोगद्यापाशी नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या होत्या, तेथे अर्धा तास गेला, तेवढ्यात आणखी काही बोलणे झाले नाही.

रात्री पाने झाल्यावर वहिनींनी आम्हास ओसरीवर गाठले. "तो घेतो का?" त्यांनी विचारले. आम्ही पिकदाणीची हकीकत सांगितली. "सगळी टाकतो?" "आम्ही पाहिली तेवढी सगळी." एवढेच आम्ही शपथेवर सांगू शकत होतो, ज्या दिवशी आम्ही नसतो त्या दिवसाचे आम्ही कसे सांगणार? वहिनी काही वेळ तेथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांच्या वेळी तुम्ही असे बरोबर गेला असता, तर?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उषवदाताचा लेख प्रत्यक्ष पाहावा आणि आपल्या टिपणात घालावा असे पुतण्याच्या मनात आले होते. त्याने आम्हास सकाळी लेण्यांवर चलण्याची गळ घातली. आम्ही काठी घेऊन निघतो तो स्वयंपाकघरातून वहिनी डबा घेऊन आल्या. दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती. डबा दोन माणसांच्या मानाने फार जड लागला म्हणून आम्ही झाकण उघडून पाहिले, तोवर त्या दाराशी चपला घालीत होत्या. "पायऱ्या पुष्कळ आहेत, आई," पुतण्या म्हणाला. "मग हळू चढू," त्या म्हणाल्या.